वाचनपीठ हे मानाचे पान नव्हे

रविवारच्या मिस्सामध्ये पहिले वाचन कोणाला द्यावे यावर आपल्या धर्मग्रामांत जेवढी चर्चा होते, तेवढी त्या वाचनात काय सांगितले आहे यावर होत नाही. सणाचा दिवस असला की वाचन यजमानांच्या घरी जाते. लग्नाचा रौप्यमहोत्सव असला की एक वाचन जावयाला, एक परदेशातून रजेवर आलेल्या पुतण्याला आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थना उरलेल्या भाचेमंडळींना, अशी वाटणी होते. नव्या सभागृहाला देणगी देणारा, निवडणुकीत निवडून आलेला, ज्याच्या शब्दाला आळीत वजन आहे असा, यांची नावे मग ओघानेच येतात. कोणाचे नाव राहून गेले तर रुसवा होतो आणि तो पुढच्या सणापर्यंत पुरतो. पंगतीत मानाचे पान कोणापुढे मांडले यावरून पूर्वी भावकी दुरावत असे. आता ते पान आपण उचलून थेट वेदीशेजारी नेऊन मांडले आहे.

या रीतीला आमचा विरोध आहे आणि तो आम्ही आडपडदा न ठेवता मांडणार आहोत. ज्या उंचवट्यावरून देवशब्द वाचला जातो ते वाचनपीठ हे सेवेचे स्थान आहे. तेथे उभे राहणाऱ्याने आपला आवाज दुसऱ्याच्या शब्दाला उसना द्यायचा असतो. ज्या दिवशी ते मानाचे स्थान झाले, त्या दिवसापासून सभेचे लक्ष वाचणाऱ्याकडे गेले आणि वाचलेले हवेत विरून गेले. ‘आज कोणी वाचले?’ याचे उत्तर मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात दहा जण देतील, ‘काय वाचले?’ असे विचारले तर दहाही जण एकमेकांकडे पाहतील. इतके झाल्यावर रविवारच्या वाचनांचा आपल्या घरांवर, व्यवहारांवर आणि धर्मग्रामाच्या निर्णयांवर काही परिणाम का होत नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

मुळात आपल्या हाती काय सोपवले गेले आहे, ते आधी पाहू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. पवित्र शास्त्र चर्चमध्ये वाचले जाते तेव्हा स्वतः ख्रिस्तच बोलत असतो, ही शिकवण त्या दस्तऐवजात आहे. शास्त्राचा खजिना श्रद्धावंतांसाठी अधिक उदारपणे खुला करावा, असा आदेशही त्यातच आहे. त्या आदेशाला अनुसरून पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत, १९६९ साली, वाचनांची नवी रचना सिद्ध झाली आणि त्या वर्षीच्या आगमन काळाच्या पहिल्या रविवारपासून, ३० नोव्हेंबरपासून, नव्या उपासनाविधीबरोबर ती वापरात येऊ लागली. त्यापूर्वी दरवर्षी तीच ती वाचने, तीही लॅटिनमध्ये, आणि रविवारी जुन्या कराराचा उतारा जवळजवळ कानी पडतच नसे. आपल्या आजी-आजोबांनी त्या काळात आपली श्रद्धा निष्ठेने जपली; परंतु आमोस आणि होशेय या संदेष्ट्यांची नावेही त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचली असतील.

नव्या रचनेत दर रविवारी तीन वाचने आणि एक प्रतिसाद स्तोत्र आले. तीन वर्षांचे चक्र ठरले. ‘अ’ वर्ष मत्तयचे, ‘ब’ वर्ष मार्कचे, ‘क’ वर्ष लूकचे. योहानचे शुभवर्तमान मुख्यतः प्रायश्चित्त काळात व पुनरुत्थान काळात येते आणि मार्कच्या आटोपशीर वर्षात पाच रविवार त्याच्या सहाव्या अध्यायाला, जीवनाच्या भाकरीच्या प्रवचनाला, दिलेले आहेत. सामान्य काळात पहिले वाचन शुभवर्तमानाशी सांधा जुळेल असे निवडलेले असते. पुनरुत्थान काळात ते प्रेषितांच्या कृत्यांतून येते. दुसरे वाचन प्रेषितांच्या पत्रांतून, रविवारमागून रविवार पुढे सरकत जाते. शेकडो अभ्यासकांच्या श्रमांतून आणि चर्चेच्या दीर्घ मंथनातून हे ताट वाढले गेले. जो माणूस तीन वर्षे नेमाने रविवारच्या मिस्साला येतो आणि कान देऊन ऐकतो, त्याच्यापुढे पवित्र शास्त्राचा गाभा एकदा तरी मांडला जातोच. शाळेची फी नाही, पुस्तकाचा खर्च नाही. एवढे मोठे दान दर रविवारी दारी येते.

आणि त्या दानाचे आपण काय करतो? वाचकाला वाचनाची वर्दी मिळते ती अनेकदा मिस्साच्या पाच मिनिटे आधी, सॅक्रिस्टीच्या दारात. तो घाईघाईने पान चाळतो. ‘नहेम्या’, ‘फिलिप्पैकर’, ‘मल्कीसदेक’ अशा नावांशी त्याची पहिली गाठ थेट ध्वनिक्षेपकासमोर पडते. वाक्य कोठे तुटते, प्रश्न कोठे आहे, संदेष्टा बोलतो आहे की देव बोलतो आहे, हे त्यालाच ठाऊक नसते, तर ऐकणाऱ्याला कोठून कळावे? वाचनग्रंथ बाजूला सारून कोणी हातातल्या पत्रकावरून वाचतो, कोणी मोबाइलवरून. वाचनग्रंथाची जागा अशा पत्रकांनी घेऊ नये, असे उपासनेचे नियम सांगतात. कारण तो ग्रंथ हेही एक चिन्ह आहे. प्रतिसाद स्तोत्राच्या जागी गायकवृंद आपल्या आवडीचे गीत म्हणतो. वाचन संपल्यावर क्षणभर शांतता असावी असा संकेत आहे. ती शांतता वहीची पाने उलटण्यात आणि ध्वनिक्षेपक खालीवर करण्यात जाते. आणि ज्या पीठावरून क्षणापूर्वी यशयाचा शब्द निघाला, त्याच पीठावरून थोड्या वेळाने सहलीच्या बसचे भाडे, सोडतीची तिकिटे आणि शाल-श्रीफळांचे सत्कार यांची यादी वाचली जाते. सूचना देण्यासाठी, निवेदनासाठी वाचनपीठ वापरू नये, हाही नियमच आहे. तो पाळायला पैसा लागत नाही. बाजूला एक वेगळा ध्वनिक्षेपक ठेवला की काम भागते.

परंतु सर्वांत मोठे नुकसान होते ते दुसऱ्या वाचनाचे. सण असला, लग्न असले, कार्यक्रम लांबणार असला की कात्री प्रथम त्याच्यावर चालते. आणि एकदा लागलेली सवय मग साध्या रविवारीही सुटत नाही. पाळकीय कारणासाठी दोनच वाचने ठेवण्याची परवानगी देण्याचा अधिकार नियमाने देशाच्या बिशप परिषदेला दिला आहे, हे आम्ही जाणतो. मंडपात पाहुणे खोळंबले आहेत हे पाळकीय कारण नव्हे. वर्षाचे बावन्न रविवार आणि तीन वर्षांचे चक्र, असा हिशेब केला तर दीडशेहून अधिक उतारे या सवयीच्या पोटी गडप होऊ शकतात. ते उतारे कोणते, हे पाहिले म्हणजे नुकसान किती खोल आहे ते कळते.

संत याकोबाचे पत्र घ्या. ‘ब’ वर्षात सामान्य काळाच्या बाविसाव्या रविवारपासून सव्विसाव्या रविवारपर्यंत, पाच रविवार, ते दुसरे वाचन म्हणून येते. पहिल्या रविवारी याकोब सांगतो, की नुसते ऐकणारे होऊ नका, त्याप्रमाणे करणारे व्हा. अनाथांची व विधवांची त्यांच्या संकटात विचारपूस करणे हाच शुद्ध धर्म. दुसऱ्या रविवारी तो थेट आपल्या चर्चच्या दारातच येऊन उभा राहतो. सोन्याची अंगठी घातलेला, भारी पोशाखाचा एक मनुष्य सभेत येतो आणि त्याच्यामागून मळक्या कपड्यांतला एक गरीब येतो. अंगठीवाल्याला तुम्ही मानाने पुढे बसवता आणि गरिबाला म्हणता, तू तिकडे उभा राहा, नाही तर माझ्या पायाशी बस. असे करून तुम्ही वाईट बुद्धीने निवाडा करणारे झालात, असे याकोब बजावतो. शेवटच्या रविवारी तो ज्यांच्या शेतांत कापणी करणाऱ्यांची मजुरी अडकून पडली आहे, अशा श्रीमंतांना धारेवर धरतो. ती न दिलेली मजुरीच आकाशाकडे ओरडते आहे, असे म्हणतो.

वाचकहो, यातली विसंगती नीट पाहा. ज्या पत्रात देवाच्या सभेत मानपान पाहू नका असे सांगितले आहे, ते पत्र आपण मानपानाच्या कार्यक्रमाला उशीर होऊ नये म्हणून गाळतो. फिलेमोनला लिहिलेल्या पत्राचीही तीच कथा. रविवारच्या चक्रात ते तीन वर्षांतून एकदाच, ‘क’ वर्षाच्या तेविसाव्या रविवारी ऐकू येते. पळून गेलेल्या ओनेसिम नावाच्या गुलामाला संत पौल त्याच्या धन्याकडे परत पाठवतो आणि त्याला यापुढे गुलाम न समजता प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे सांगतो. आपल्या वाडीत राबणारा आदिवासी मजूर, आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, आजारी आईच्या उशाशी रात्र काढणारी मुलगी, यांच्याविषयी ख्रिस्ती घराने काय भाव ठेवावा, हे सांगणारा याहून नेमका उतारा आम्हांस ठाऊक नाही. तो २०२५ साली येऊन गेला. त्या रविवारी ज्या चर्चमध्ये दुसरे वाचन गाळले गेले असेल, तेथील श्रद्धावंतांच्या कानी तो रविवारच्या चक्रात आता २०२८ सालीच पडेल.

पहिले वाचन गाळले जात नाही. परंतु ते बहिरेपणाने ऐकले जाते. त्याच २०२५ साली, २१ आणि २८ सप्टेंबरच्या लागोपाठच्या दोन रविवारी आमोस वाचला गेला. पहिल्या रविवारी लबाड व्यापारी होते: शब्बाथ कधी संपतो आणि धान्य कधी विकतो असे त्यांना झालेले, मापे लहान केलेली, तराजू खोटे, आणि एका जोड्याच्या किमतीत गरीब विकत घेण्याची तयारी. दुसऱ्या रविवारी हस्तिदंती पलंगांवर लोळणारे, वाडगे भरून द्राक्षारस पिणारे आणि आपल्याच लोकांच्या विनाशाची खंत नसणारे सुखवस्तू होते. त्याला जोडून दारातल्या लाझरसचा दाखला होता. संदेष्ट्याने आणि प्रभूने मिळून इतक्या स्पष्ट शब्दांत बोलल्यावर काय व्हायला हवे होते? निदान एका घरी तरी लग्नाच्या खर्चाची यादी पुन्हा काढली जायला हवी होती. निदान एका व्यवहारात तरी भावाच्या हिश्शाच्या जमिनीवरचा खोटा कागद फाडला जायला हवा होता. निदान एका धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत तरी, सणाच्या रोषणाईवर किती आणि संत विन्सेंट डी पॉल संस्थेमार्फत आजाऱ्यांच्या औषधांवर किती, हे दोन आकडे एकाशेजारी एक मांडून पाहिले जायला हवे होते. असे घडणे हीच वाचन ऐकल्याची खूण. ते न घडता वाचनानंतरचे उत्तर आपण एका सुरात म्हटले आणि खाली बसलो, एवढ्याने संदेष्ट्याचे समाधान होणार नाही.

आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. त्यांचा विचार केलाच पाहिजे.

पहिला आक्षेप सहभागाचा. परिषदेनेच श्रद्धावंतांचा सक्रिय सहभाग मागितला ना? मग प्रत्येकाला वाचनाची संधी नको का? हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु सहभाग म्हणजे पाळीपाळीने ध्वनिक्षेपक हाती घेणे, असा अर्थ परिषदेने कोठेही केलेला नाही. सभेतील पाचशे माणसे एकाग्रतेने ऐकतात, तो पाचशे जणांचा सहभाग. एक जण तयारीविना वाचतो आणि पाचशे जण घड्याळाकडे पाहतात, तेव्हा सहभाग कोणाचाच होत नाही. वाचकाची सेवा ही चर्चने इतकी महत्त्वाची मानली, की १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी ती पुरोहितपदाच्या पायऱ्यांतून काढून प्रापंचिकांसाठी सेवापद म्हणून स्थापित केली आणि जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिचे दार स्त्रियांनाही उघडले. ज्या सेवेसाठी विधिपूर्वक नियुक्ती आहे, तिच्यासाठी तयारीही हवी. पायपेटी वाजवता न येणाऱ्याला केवळ तो सणाचा यजमान आहे म्हणून आपण पायपेटीवर बसवत नाही. मग प्रभूच्या शब्दाला एवढाही आदर नको काय?

दुसरा आक्षेप वेळेचा. लोकांना वेळ नाही, मिस्सा लांबते, तरुण कंटाळतात. दुसरे वाचन शांतपणे वाचायला दोन-अडीच मिनिटे लागतात. तेवढा वेळ आपल्याला जड वाटतो आणि मिस्सा संपल्यावरचे आभारप्रदर्शन मात्र पंधरा मिनिटे चालते! नहेम्याच्या ग्रंथात पाणीवेशीसमोरच्या चौकात जमलेल्या लोकांपुढे एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. लेवी त्याचा अर्थ सांगतात, लोकांना रडू येते आणि मग त्यांना सांगितले जाते: जा, गोडधोड खा आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटा पाठवा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास, १५५ च्या सुमारास, रोम येथे संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. त्यात प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, अध्यक्ष बोध करतो, ख्रिस्तप्रसाद वाटला जातो; आणि जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांच्यासाठी खर्च होते. वाचन आणि वाटा, देवशब्द आणि दान, ही जोडी या दोन्ही वर्णनांत सारखीच आढळते. आपल्याकडे ही जोडी फुटली आहे आणि ती फुटण्याचे मूळ वेळेच्या टंचाईत शोधू नये.

लोक तेव्हाही पळत होते, हेही सांगितले पाहिजे. सहाव्या शतकात, आजच्या फ्रान्समधील आर्ल शहराचे बिशप संत सेझारियस शुभवर्तमानानंतर चर्चचे दरवाजे बंद करवीत, कारण लोक प्रवचनाआधी बाहेर पडत. तेच सेझारियस आपल्या लोकांना विचारीत, की ख्रिस्तप्रसादाचा कणही जमिनीवर पडू नये म्हणून तुम्ही एवढे जपता, मग देवाचा शब्द कानांवरून घरंगळून पडतो तेव्हा तो अपराध लहान कसा? दरवाजे बंद करण्याचा उपाय आम्ही सुचवीत नाही. परंतु तो प्रश्न आजही तितकाच बोचरा आहे, आणि शुभवर्तमान संपता संपता आवारात गाडी लावणाऱ्यांनी तो स्वतःला विचारावा.

तिसरा आक्षेप भाषेचा; आणि येथे प्रश्न अधिक नाजूक होतो. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यांना मराठी वाचन जमत नाही, असे पालक सांगतात. म्हणून कोठे कोठे मराठी उतारा रोमन अक्षरांत लिहून मुलाच्या हाती दिला जातो. तो मुलगा निर्दोष सुरात वाचतो, आईबाप कौतुकाने पाहतात. पण ‘करार’ म्हणजे काय, ‘उद्धार’ म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. इंग्रजी मिस्साला आमचा मुळीच विरोध नाही. ज्याची प्रार्थनेची भाषा इंग्रजी आहे त्याने इंग्रजीत प्रार्थना करावी. आम्हांस चिंता आहे ती ज्यांची मराठी सुटली आणि इंग्रजी बाजारापुरतीच आली, अशा पिढीची. तिला आमोस दोन्ही भाषांत परकाच राहणार.

या संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ते मराठी काव्य रोमन अक्षरांत छापावे लागले, कारण त्या वेळी तेथे देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. एका इंग्रज मिशनऱ्याने परक्या लिपीची अडचण सोसून हजारो ओव्यांत मराठी रचना केली आणि ती गोव्याच्या चर्चमधून लोकांना वाचून दाखवली जाऊ लागली. आज देवनागरी अक्षरे प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत, आणि आपण आपल्या मुलांसाठी पुन्हा रोमन अक्षरांकडे वळलो आहोत! स्टीफन्सजवळ खिळे नव्हते. आपल्याजवळ इच्छा नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, आयुष्याच्या अखेरपर्यंत खपून, संपूर्ण बायबल मराठीत आणले. आपल्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ हाती दिले. २०२४ च्या जुलैत ते आपल्यातून गेले. मराठी बायबल घरात नाही, असे सांगण्याची सोय आता कोणालाही उरलेली नाही. ते फडताळात आहे की हातात आहे, एवढाच प्रश्न आहे.

धर्मगुरूंकडेही बोट दाखवले पाहिजे. ते न दाखवता श्रद्धावंतांना बोल लावणे न्यायाचे होणार नाही. प्रवचन हे वाचनांतून उगवले पाहिजे, अशी चर्चची अपेक्षा आहे. वाचने एकीकडे आणि प्रवचन दुसरीकडे, असे जेथे घडते, जेथे प्रवचनाची जागा व्हॉट्सअॅपवरून आलेली गोष्ट, विनोद किंवा वर्गणीचा तगादा घेतो, तेथे लोकांनी वाचने ऐकावीत तरी कशाला? जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, लोकांना झोप येते, असे धर्मगुरूंना बजावले होते. आठ मिनिटांत एका वाचनाचा एक धागा उलगडता येतो. त्यासाठी आठवडाभर तो उतारा मनात घोळवावा लागतो. आणि आणखी एक गोष्ट लागते: धैर्य. ज्याच्या देणगीतून सभागृहाचे छप्पर पडले त्याच्यासमोर आमोस उलगडणे सोपे नाही. परंतु तेवढ्याचसाठी तर पुरोहिताला त्या पीठापाशी उभे केले आहे.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली: वाचकाची निवड योग्यता पाहून करावी, मान पाहून करू नये. खणखणीत, समजून वाचणारी कोळीवाड्यातली मावशी असेल, पाड्यावरून येणारा आदिवासी तरुण असेल, तर सणाच्या दिवशीही त्यांनीच वाचावे. यजमानांनी त्या दिवशी पहिल्या बाकावर बसून ऐकावे. ऐकण्यातही मान आहे, हे यजमानांकडून सर्वांना शिकता येईल. दुसरी: वाचकाला किमान आठ दिवस आधी कळवावे आणि प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातून एकदा वाचकांचा वर्ग घ्यावा. तिसरी: तिन्ही वाचने व्हावीत, प्रतिसाद स्तोत्र हे स्तोत्रच असावे, आणि वाचनानंतर अर्धा मिनिट कोणीही काहीही करू नये. चौथी: सूचना आणि सत्कार वाचनपीठावरून कायमचे उतरवावेत.

पाचवी सूचना घरांसाठी आहे आणि आम्हांस ती सर्वांत मोलाची वाटते. शनिवारी रात्री रोझरी झाल्यावर दूरदर्शन संच सुरू होण्यापूर्वी, घरातल्या एका मुलाने दुसऱ्या दिवसाचे शुभवर्तमान आणि एक वाचन देवनागरीतून मोठ्याने वाचावे. अडखळला तर आजीने सांगावे. तिला ते अभिमानाने सांगता येईल. मग वडिलांनी एकच प्रश्न विचारावा: यातले कोणते वाक्य आपल्या घराला लागू पडते? दहा मिनिटांचे काम. वर्षभर हा नेम चालला तर मराठी वाचता न येणारी मुले घरात राहणार नाहीत आणि रविवारी ऐकणारे कान आपोआप तयार होतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातला तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवून दिला, त्या दिवशी चर्चमध्ये बायबलची मिरवणूक निघते, फुले वाहिली जातात. मिरवणूक निघावी, परंतु मिरवलेला ग्रंथ सोमवारी पुन्हा फडताळात जाणार असेल तर ती मिरवणूक निरोपाचीच ठरते.

शेवटी एका वाचकाची आठवण करून देतो. तो शब्बाथाच्या दिवशी आपल्या गावच्या सभास्थानात वाचायला उभा राहिला. यशयाची गुंडाळी त्याच्या हाती दिली गेली. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना मुक्ती, अशा अर्थाचा उतारा त्याने वाचला, आणि हा शास्त्रलेख आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला आहे, असे सांगितले. गावकऱ्यांनी आधी कौतुक केले, नंतर त्याचा अर्थ आपल्यावर येतो असे दिसताच त्याला कडेलोट करण्यासाठी डोंगराच्या टोकाशी नेले. नाझरेथमध्ये वाचनाचा मान त्याला असा मिळाला. त्याच्या पाठोपाठ त्याच शास्त्रासमोर उभे राहण्याची ज्यांची इच्छा असेल, त्यांनी येत्या रविवारी वाचनपीठाच्या पायऱ्या जरूर चढाव्यात. बाकीच्यांनी खाली बसावे, आणि ऐकावे.